जबड्याची कटकट

माझा जबडा वाजतो. उजव्या बाजूचा, कानाच्या जरा पुढे. तोंड मोठं उघडलं की कट्ट, मिटलं की पुन्हा एक बारीकसा कट्ट. दुखत नाही, अडकत नाही, नुसता वाजतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळाची वडी तोंडात टाकली की शेजारी बसलेली बाई आपली वडी हळूच बशीत परत ठेवते, कडक असेल म्हणून. वडी मऊच असते. माझ्या वड्या कडक होत नाहीत, नेहरू नगरात कुणालाही विचारा.

या जबड्याने आजवर कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण गेल्या वर्षी त्याने माझ्या भाचीला रडवलं. खरं म्हणजे जबड्याचा काही दोष नव्हता. दोष होता भाषेचा, आणि भाषा भाचीची होती.

भाची म्हणजे शमिका, माझ्या धाकट्या बहिणीची, विनिताची मुलगी. आम्ही दोघी बहिणी कऱ्हाडच्या. माझे यजमान सुधाकर इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागले, म्हणून मी भोपाळला आले. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि ते निवृत्त झाल्यावर नेहरू नगरात घर बांधलं. विनितासाठी इथलं स्थळ मीच काढलं. तिच्या सासरची मंडळी नागपूरकडची, सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेली आणि इथलीच होऊन गेलेली. त्यामुळे शमिकाची मराठी कशी, ते काय विचारता! ‘मावशी, मी थकून गेले.’ ‘मावशी, बाबा ऑफिसातून येऊन राहिले.’ ‘मावशी, माझ्याशी नाराज नको होऊ.’ मी दर वाक्याला टोकते. तीही हट्टी. टोकलं की पुढचं वाक्य मुद्दाम त्याहून वाईट करते.

शमिका दातांची डॉक्टर. पुढचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष होतं, आणि प्रबंधाचा विषय होता जबड्याचा सांधा. या सांध्यात एक लहानशी गादी असते म्हणे. ती जागेवरून सरकली की सांधा वाजतो, कधी दुखतो, कधी तोंडच उघडेनासं होतं. हे ओळखायचे तीन मार्ग. कागदावर प्रश्न छापून माणसाकडून उत्तरं भरून घ्यायची, किंवा डॉक्टरने सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावायचं, किंवा सरळ एमआरआय काढायचा. एमआरआय खरं सांगतो, पण महाग. कागद फुकट, पण तो कितपत खरं सांगतो? तेवढंच शमिकाला तपासायचं होतं. कागद भरवशाचा निघाला, तर जिथे एमआरआयचं मशीन नाही अशा लहान गावातल्या डॉक्टरांची मोठी सोय होणार होती.

सुधाकर हे ऐकून भलतेच खूश झाले. त्यांनी कारखान्यात जन्मभर गेज तपासली. यंत्राचा भाग मापात आहे की नाही ते गेज सांगतं, आणि गेज मापात आहे की नाही ते सुधाकर सांगायचे.

“म्हणजे तू रोगी तपासत नाहीस, रोग मोजायची पट्टी तपासतेस,” ते म्हणाले. “बघ, चांगल्या पट्टीने दोन्ही कामं केली पाहिजेत. खराब माल सोडायचा नाही आणि चांगला माल नाकारायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणणारा वॉचमन एकही चोर सोडत नाही, पण त्याचा उपयोग काय?”

“काका, तुम्ही माझे गाईड का नाही बनले?” शमिका म्हणाली.

“झाला नाहीत,” मी म्हणाले. “बनले नाही, झालात.”

तिचे खरे गाईड होते डॉक्टर शैलेंद्र दुबे. प्रश्नांचा कागद त्यांच्याकडे हिंदीत तयार होता. मराठीतही करायचा हा हट्ट शमिकाचा. सर म्हणाले होते, “भोपाल में मराठी फॉर्म किसके लिए? सब हिंदी जानते हैं.” ही म्हणाली, “जानते हैं सर, पर बुज़ुर्ग लोग दर्द अपनी भाषा में ही बताते हैं.” सरांनी खांदे उडवून परवानगी दिली. मग हिने भाषांतर केलं. मला दाखवलं नाही, आईलाही नाही. नियम असा, की भाषांतर दुसऱ्या कुणाकडून तरी परत हिंदीत करून घ्यायचं आणि मूळ कागदाशी ताडून पाहायचं. तेही तिने केलं, रसिका नावाच्या मैत्रिणीकडून. रसिका मराठीच, पण जन्म भोपाळचा. दोन्ही कागद तंतोतंत जुळले आणि दोघींनी खुशीत पोहे-जलेबी खाल्ली.

ज्यांचा जबडा वाजतो असे लोक तिला हवे होते, आणि तुलनेला धडधाकट जबड्याचेही. एका घरात दोन्ही मिळाले. कॉलेजात आम्हाला वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून कागद दिले. कागदावर नाव नाही, नुसता नंबर. कुणाचा कागद कुठला ते शमिकालाही कळायचं नाही, आणि एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरला कागदावर काय लिहिलंय ते कळायचं नाही. सुधाकरांनी एमआरआयच्या माणसाला मशीनची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारून घेतलं. मी त्या बोगद्यात गेले, तर आत असा खडखडाट, की मी मनात रामरक्षा म्हणत होते आणि ती मलाच ऐकू येत नव्हती. पुढे आमचे रिपोर्ट घरी आले. माझी गादी सरकलेली, सुधाकरांची जागच्या जागी. मी रिपोर्ट कपाटात ठेवून दिले आणि विसरले.

होळीच्या आधी एका संध्याकाळी शमिका आली. स्कूटी फाटकातच सोडली आणि हेल्मेट न काढता सोफ्यावर बसली.

“मावशी, माझं सगळं संपून गेलं.”

मी टोकलं नाही, यावरून प्रसंग ओळखा.

हिंदी कागद उत्तम निघाला होता. लोक कागदावर सांगतात तेच बोटांना लागतं आणि तेच एमआरआयमध्ये दिसतं. मराठी कागद मात्र सपशेल उलटा. ज्यांचा सांधा वाजतो त्यांनी ‘नाही’ लिहिलेलं, आणि ज्यांचा ठणठणीत त्यांनी ‘होते, रोज होते’. सर म्हणाले, मराठी कागद काढून टाक. पण ते काढले तर माणसांची संख्या कमी पडत होती. नवीन माणसं शोधा, त्यांचे एमआरआय काढा, म्हणजे या सत्रात प्रबंध जमा होणं शक्य नाही. इंदूरच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी ठरली होती, ती या परीक्षेवर अवलंबून होती. ती जागा पुढच्या सत्रापर्यंत थांबणार नव्हती.

“आणि सर काय म्हणाले माहितीये?” शमिकाचा आवाज चिरकला. “मराठी लोग फॉर्म ध्यान से नहीं भरते.”

“असं म्हणाले?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत जन्मभर फॉर्मच भरले की आम्ही! मी तर तुझा कागद दोनदा वाचून भरला.”

सुधाकर शांतपणे म्हणाले, “एकाच शिफ्टचा माल नापास होत असेल तर मालाकडे बघायचं नाही. त्या शिफ्टच्या गेजकडे बघायचं.”

“काका, गेज तेच आहे. फक्त मराठीत आहे.”

“कुठला प्रश्न उलटा जातोय?”

“सगळ्यात महत्त्वाचा. तोंड उघडताना, बोलताना, जेवताना जबड्याची कटकट होते का.”

“मी त्याला अगदी बरोबर उत्तर लिहिलंय,” मी म्हणाले.

“मावशी, मला नको सांगू! कोणी काय लिहिलं ते मला माहीत नाही पाहिजे.”

तिला नसेल, मला कुणाची बंदी? मी सुधाकरांकडे वळले. “अहो, तुम्ही काय लिहिलंत कटकटीच्या प्रश्नाला?”

“होते.”

“होते? तुमचा जबडा कधी वाजला?”

“माझा कशाला वाजेल?”

“मग लिहिलंत कसं?”

सुधाकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत आले की ते हेच करतात. “कुणाच्या जबड्याची, ते कागदावर लिहिलं नव्हतं. मी घरातली वस्तुस्थिती लिहिली.”

“म्हणजे?”

“होते. रोज. जेवताना जास्त.”

माझी दातखीळच बसली. ज्या बाईचा जबडा असा वाजतो तिची दातखीळ बसणं ही काय साधी गोष्ट आहे? शमिका मात्र हसली नाही. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “आणि तू? आता सांगूनच टाक.”

“‘नाही’ लिहिलं. कसली कटकट? वाजतो बिचारा, पण त्याची कटकट नाही.”

“वाजतो म्हणजेच कटकट ना?”

“वाजण्याचा आणि कटकटीचा काय संबंध? कटकट म्हणजे डोक्याला ताप, मागे भुणभुण. तुझे काका रिटायर झाल्यापासून डाळीत मीठ किती आणि पंखा किती नंबरवर, हे जे चालवतात ना, ती कटकट.”

“पण कट-कट आवाज...”

“आवाज हिंदीत! मराठीत जबडा कट्ट वाजतो. कटकट माणसं करतात.”

शमिकाने हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. “एका कागदाच्या कडेला कोणीतरी लिहिलं होतं, ‘बायको माहेरी गेली की बंद.’ मी त्याच्यावर अर्धं पान लिहून ठेवलंय, मानसिक ताणाचा सांध्यावर होणारा परिणाम म्हणून. आणि दुसऱ्या एकावर होतं, ‘सुनेला विचारा’.”

सुधाकरांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले ती ओट्यापाशीच हसत उभी राहिले. परत येऊन बघते तर शमिकाही हसत होती, आणि हसता हसता रडत होती. ध चा मा होतो तो असा. शिकलेल्या दोन मुली, दोघी मराठी, दोघींनी मान डोलावून पास केलेला शब्द, आणि काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात तसं त्याचं उत्तर माझ्या जेवणाच्या टेबलावर रोज भांडत होतं.

मी लगेच उपाय सांगितला. “आण तो माझा कागद. ‘नाही’ खोडून ‘होते’ लिहिते. बाकीच्यांनाही फोन करू. बहुतेक आमच्या मराठी मंडळातलेच आहेत, आणि मंडळाच्या बायका माझ्या शब्दाबाहेर नाहीत.”

“नाही, मावशी.”

“का नाही? खरं तेच लिहिणार आहे!”

“तुला आता तुझा एमआरआय माहितीये. आता तू काही पण लिहिलंस तरी ती कॉपी होणार, उत्तर नाही होणार.”

मी आशेने सुधाकरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “कारखान्यात गेज दुरुस्त केलं की आम्ही माल पुन्हा मोजायचो. पण लोखंडाला आपलं माप माहीत नसतं. तुला माहीत झालंय.”

मला दोघांचा मनस्वी राग आला. घरात एक हरिश्चंद्र पुरे नव्हता का? पोरीची नोकरी चालली होती आणि हे दोघे लोखंडाचं मन जाणून घेत होते.

दुसऱ्या दिवशी शमिका सरांना चूक सांगायला निघाली, तेव्हा मी स्कूटीवर मागे बसले. तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. सरांच्या केबिनमध्ये तिने बोलायला सुरुवात केली, पण ती इतकी घाबरली होती की सरांना काही कळेना. मग मी पुढे झाले. माझी हिंदी कामचलाऊ आहे, पण जोरदार आहे.

“सर, हमारे में कटकट जबडा नहीं करता. आदमी करता है.”

सरांनी शमिकाकडे पाहिलं. मी टेबलावर पुढे वाकले आणि तोंड उघडलं. कट्ट.

“अरे, ये तो बज रहा है!” सर खुर्चीतून अर्धे उठले.

“बजता है. पर कटकट नहीं है. कटकट मेरे मिस्टर को है.”

“उनका भी जबड़ा बजता है?”

“नहीं. उनको मेरी कटकट है.”

सर परत खुर्चीत बसले. “मतलब... जबड़ा आपका, और तकलीफ़ उनकी? और दोनों ने फॉर्म सही भरा?”

“बराबर!”

मग सर असे हसले, की बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या पेशंटांनी आत डोकावून पाहिलं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाले. “शमिका, गलती किसकी है?”

मी तोंड उघडणार होते. कागदाची, भाषेची, रसिकाची, कुणाचंही नाव घ्यायला मी तयार होते. पण शमिका सरळ उभी राहिली. “मेरी, सर. ट्रांसलेशन मेरा था. और मराठी लोगों ने फॉर्म ध्यान से ही भरा था. फॉर्म ही दूसरी बात पूछ रहा था.”

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, की मी प्रथमच तिथे गप्प बसले.

सर पेन्सिल फिरवत राहिले. “फेंकने को मैंने ही कहा था ना? मत फेंको. नंबर तो तब कम पड़ेंगे जब फेंकोगी. तुम्हारा काम फॉर्म को पास कराना थोड़े ही है. फॉर्म कितना सच्चा है, ये बताना है. तो बताओ, एक शब्द बदलने से सच्चाई कितनी गिरी. लेकिन सिर्फ़ मौसीजी की कहानी से नहीं चलेगा. कमेटी से नंबरों के नाम खोलने की इजाज़त मैं दिलाता हूँ. तुम हर मराठी मरीज़ के घर जाओ, पूछो कि उसने क्या समझा था. जवाब किसी का मत बदलना. और तारीख़ आगे नहीं बढ़ेगी.”

मग शमिका दारोदार फिरली. कॉलेज सुटलं की स्कूटी काढायची आणि कधी बरखेडा, कधी शिवाजी नगर, कधी आमच्याकडची कोटऱ्याची बाजू. प्रत्येक दारात तेच सांगायचं, की मी तुम्हाला प्रश्न चुकीच्या मराठीत विचारला होता, तुम्हाला त्याचा अर्थ काय वाटला? भोपाळातल्या मराठी माणसाला याहून आवडता विषय नाही. एका आजोबांनी तिला चहा होईपर्यंत कटकट, किटकिट आणि पिरपिर यांतला फरक समजावून दिला. एका बाईंनी नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि मग पोटभर उत्तर दिलं. ज्यांनी ‘सुनेला विचारा’ लिहिलं होतं, त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि शमिकाला प्रश्नच सुचेना.

संध्याकाळी ती आमच्याकडे यायची. पिशवीत लोकांनी दिलेले लाडू आणि चेहऱ्यावर संताप.

“सगळे मला मराठी शिकवून राहिले,” एकदा ती म्हणाली. “म्हणूनच तुला फॉर्म नव्हता दाखवला, मावशी. तू आधी हसली असती, मग सांगितलं असतं.”

मला ते लागलं. हसलेच असते मी, खोटं कशाला बोलू? मी तिच्यापुढे थालीपीठ ठेवलं आणि त्यावर लोण्याचा गोळा जरा मोठाच घातला.

प्रबंध वेळेत जमा झाला. शेवटच्या संध्याकाळी छपाईवाल्याकडे सुधाकर स्वतः जाऊन बसले होते, समास मोजायला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे शिवाजी नगरला विनिताच्या क्वार्टरमध्ये जमलो. विनिता पुऱ्या तळत होती, मी लाटत होते. फोन लागत नव्हता. विनिताने पहिला घाणा करपवला, दुसरा कच्चा काढला. शेवटी जिन्यात चपला वाजल्या आणि शमिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“झालं! पास! इंदूर पक्कं!”

सुधाकरांनी टाळ्या वाजवल्या. मी पिठाच्या हातांनीच तिची दृष्ट काढली. सगळे एकदम बोलायला लागले, आणि काय विचारलं, कोण होतं, असा गलका झाला.

“बाहेरचे परीक्षक नागपूरचे होते,” ती पुरी उचलत म्हणाली. “मराठीच. तो प्रश्न वाचून आधी खूप हसले. मग म्हणाले, मुली, तू मराठी, तुझी आई मराठी, मग ही चूक झालीच कशी?”

“मग? तू काय सांगितलंस?” विनिताने विचारलं.

“जे खरं आहे ते. मी लहान होते तेव्हा तू स्वयंपाक करता करता म्हणायचीस ना, शमू, कटकट करू नकोस? मला वाटायचं, आवाज करू नकोस. म्हणून मी पायातले पैंजण काढून ठेवायचे. दार हळू लावायचे. धडा मनातल्या मनात वाचायचे. मग तू पण काही बोलायची नाहीस. म्हणून मला वाटायचं, मला अर्थ बरोबर समजला. ते म्हणाले, म्हणजे चुकीचा अर्थ प्रत्येक परीक्षेत पास होत गेला! आणि त्यांनी सही केली.”

आम्ही हसलो. विनिता हसली नाही. तिने गॅस बंद केला.

“पैंजण तुला टोचायचे ना?”

“नाही.”

“अगं, मी म्हणायचे, सारखी मध्ये मध्ये येऊन डोकं खाऊ नकोस. तेवढंच. घडीभर. ते पैंजण तर मी मुद्दाम कऱ्हाडहून आणले होते, तू घरभर फिरलीस की मला ऐकू यावं म्हणून.” विनिताने झारा खाली ठेवला. “आणि मी जगाला सांगत फिरले, माझी पोर किती शांत, घरात आहे की नाही कळत नाही.”

शमिका पुरी हातात धरून तशीच उभी होती. विनिताने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गालांवर पीठ आणि तेल लागलं.

“बोल गं बाई माझी,” ती म्हणाली. “आवाज कर. या घरात तुला हवा तेवढा आवाज कर.”

आणि आमची डॉक्टर शमिका, इंदूरच्या कॉलेजात शिकवायला निघालेली, रडत हसत दोन्ही पाय फरशीवर दणादणा आपटायला लागली. भांडी थरथरली. खालच्या क्वार्टरमधून कुणीतरी ओरडलं, “अरे भाई, ऊपर क्या हो रहा है?”

विनिताने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“हमारी लड़की है!” ती सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली. “आवाज़ कर रही है!”